मॉरिस मायनर घ्यायची आहे? आधी गाडीखाली झोपा

ब्रिटनमध्ये स्थिरावलेल्या मराठी मंडळींपैकी ज्याला जुन्या गाडीची हौस आहे, त्याची नजर कधी ना कधी मॉरिस मायनरवर जातेच. तो गोल बॉनेट, फुगीर मडगार्ड आणि मडगार्डात बसवलेले दिवे आपल्याला कुठेतरी पाहिल्यासारखे वाटतात, आणि त्याला कारण आहे. कोलकात्याजवळ उत्तरपाड्याला हिंदुस्थान मोटर्सने १९५०च्या सुमारास हीच गाडी 'बेबी हिंदुस्थान' या नावाने बनवली होती. पुढे जिच्या मागच्या सीटवर आपल्यातले कितीतरी जण दाटीवाटीने बसले, ती अँबॅसडर मॉरिस ऑक्सफर्डवरून आली, म्हणजे मायनरच्याच घराण्यातली. तिच्यातही पुढच्या चाकांना टॉर्शन बारचं, म्हणजे पिळल्या जाणाऱ्या पोलादी दांड्याचं, सस्पेन्शन होतं.

हा लेख पहिल्यांदाच जुनी गाडी घेणाऱ्यांसाठी आहे. जी गोष्ट शेवटी सांगायची ती आधीच सांगतो: मायनरमध्ये इंजिन बघून सौदा करू नका, पत्रा बघून करा. या गाडीचं इंजिन एका शनिवार-रविवारात उतरवता येतं, आणि दुसरं चांगलं इंजिन मिळवणंही अवघड नाही. खालचा सांगाडा गंजला असेल तर मात्र गाडीच्या किमतीहून जास्त पैसे वेल्डिंगमध्ये जातात. नवखे लोक नेमकं उलट करतात. इंजिन एका चावीत सुरू झालं, रंग चकाकला, की खिशात हात जातो.

थोडी ओळख

मायनर पहिल्यांदा लोकांसमोर आली ती १९४८च्या ऑक्टोबरमध्ये, लंडनच्या अर्ल्स कोर्ट प्रदर्शनात. रचना अॅलेक इसिगोनिस यांची. पुढे १९५९ साली मिनी काढणारे तेच. कंपनीचे मालक लॉर्ड नफिल्ड यांना गाडी अजिबात आवडली नव्हती, ती उकळत्या पाण्यात सोडलेल्या अंड्यासारखी दिसते असं त्यांनी म्हटल्याचं प्रसिद्ध आहे. शेवटच्या टप्प्यात इसिगोनिस यांना गाडी अरुंद वाटली, म्हणून त्यांनी नमुना मधोमध कापायला लावला आणि दोन भाग चार इंच लांब ठेवून पाहिले. बॉनेटच्या मध्यावरून जाणारा तो सपाट पट्टा म्हणजे ते चार इंच. बंपर तोपर्यंत तयार झाले होते, त्यामुळे सुरुवातीच्या गाड्यांच्या बंपरला मध्ये कापून जोड दिलेला दिसतो.

जिच्या दहा लाख गाड्या बनल्या अशी ही पहिली ब्रिटिश मोटार. तो टप्पा १९६०च्या अखेरीस आला, आणि त्या निमित्ताने फिकट जांभळ्या रंगाच्या साडेतीनशे गाड्या काढल्या गेल्या. एकूण संख्या सोळा लाखांच्या घरात गेली. घरोघरी फिरणाऱ्या नर्स, टपालखातं आणि साठच्या दशकात गस्तीचे पोलीस, सगळे हिच्यातून फिरले. नेहमीच्या बंद गाडीचं, म्हणजे सलूनचं, उत्पादन १९७०मध्ये थांबलं, लाकडी पाठीच्या ट्रॅव्हलरचं १९७१मध्ये.

खरेदीदाराला या इतिहासातला एकच धागा उपयोगाचा आहे, तो इंजिनांचा. १९४८ ते १९५३च्या गाड्यांत ९१८ सीसीचं जुन्या पद्धतीचं साइड व्हॉल्व्ह इंजिन. ऑस्टिन आणि मॉरिस या कंपन्या १९५२ साली एकत्र आल्यावर ऑस्टिनचं ८०३ सीसीचं ए-सिरीज इंजिन आलं. १९५६पासून ९४८ सीसी, आणि त्याच वेळी दोन तुकड्यांची पुढची काच जाऊन एक अखंड वळलेली काच आली. १९६२पासून १०९८ सीसी, ४८ अश्वशक्ती.

पहिली पायरी: ही गाडी आपल्याला सोसेल का ते बघा

हौसेला मोल नसतं असं आपण म्हणतो, पण मायनर त्या हौसेचा हिशोब वेळेच्या रूपात मागते. सगळ्यात ताकदवान १०९८ सीसीची गाडीसुद्धा शून्यापासून ताशी ६० मैलांचा वेग गाठायला साधारण २५ सेकंद घेते. मोटरवेवर ती चालते, पण ५०-५५ मैलांच्या पुढे आवाज इतका वाढतो की शेजारच्याशी बोलायला ओरडावं लागतं. मागून येणारे ट्रक आरसा भरून टाकतात.

ब्रेक चारही चाकांना ड्रमचे, पायाचा जोर वाढवणारा सर्व्हो नाही आणि सर्किट एकच. म्हणजे ब्रेकची एक नळी फुटली तर पाय थेट जमिनीला टेकतो आणि हातात फक्त हँडब्रेक उरतो. एअरबॅग नाही, डोक्यामागे आधार नाही, धक्का झेलण्यासाठी चुरगळणारा पुढचा भाग नाही. ज्याला रोज कामावर जायला एकच गाडी हवी आहे, त्याने हा लेख इथेच सोडला तरी चालेल. मायनर ही घरातली दुसरी गाडी असावी, आणि ते माझं ठाम मत आहे.

लहान मुलं असतील तर कायदा नीट समजून घ्या. १ जानेवारी १९६५च्या आधी पहिल्यांदा रस्त्यावर आलेल्या गाडीला सीटबेल्ट नसले तरी चालतं. पण बेल्ट नसलेल्या गाडीत तीन वर्षांखालील मूल नेताच येत नाही, आणि तीन वर्षांवरचं मूल फक्त मागच्या सीटवर बसू शकतं. मागे बेल्ट बसवून घेता येतात आणि घ्यावेत. नंतर बघू म्हणून ठेवायचं हे काम नाही.

आणखी एक गोष्ट, जी अनेकांच्या लक्षात येत नाही. ब्रिटनमध्ये ऑटोमॅटिक गाडीवर परीक्षा दिली असेल तर त्या परवान्यावर मायनर चालवता येत नाही. तिला चार गिअर आहेत, आणि पहिल्याला गिअर अलगद पाडणारी सिंक्रोमेशही नाही.

मग लोक ही गाडी का घेतात? एक, स्टिअरिंग. रॅक अँड पिनियनचं स्टिअरिंग १९४८ साली साध्या कुटुंबाच्या गाडीत मिळणं ही चैन होती. आजही डोंगराळ, वळणाच्या रस्त्यावर ताशी ४० मैलांनी मायनर चालवताना जी मजा येते, ती ताशी ७० मैलांनी नव्या गाडीत येत नाही. दोन, ती समजते. बॉनेट उघडला की प्रत्येक भाग दिसतो, हात पोचतो आणि खाली जमीनही दिसते. तीन, सुट्या भागांचा तुटवडा नाही. बॉनेटपासून रबरी बुशपर्यंत जवळपास सगळं आजही नवं मिळतं, आणि तेही परवडण्याजोग्या दरात. चौथं कारण सांगून पटत नाही, गाडी दारात आल्यावर कळतं: ज्या शेजाऱ्याने पाच वर्षांत मान वर करून पाहिलं नाही, तो येऊन त्याच्या आजीच्या मायनरची गोष्ट सांगतो.

दुसरी पायरी: प्रकार ठरवा

पहिली मायनर म्हणून १९६२च्या नंतरची १०९८ सीसी सलून घ्या. पुढचे ब्रेक सात इंचांवरून आठ इंचांचे झालेले असतात, गिअरबॉक्स दणकट असतो, आणि बाजूच्या खांबातून हातासारखे बाहेर येणारे दिशादर्शक जाऊन नेहमीचे लुकलुकणारे दिवे आलेले असतात. ते हात दिसायला फार गोड, पण आजच्या वाहतुकीत मागच्या माणसाला त्यांचा अर्थच कळत नाही. दोन दारं की चार, हा आवडीचा प्रश्न. दोन दारांची स्वस्त पडते. घरात वयस्कर माणसं असतील तर चार दारांची बघा.

९४८ सीसीची गाडीही वाईट नाही. काही जुने जाणकार तर तेच इंजिन जास्त गोड फिरतं म्हणतात. ८०३ सीसीची मात्र चढावर दम टाकते आणि तिचा गिअरबॉक्स नाजूक. साइड व्हॉल्व्हच्या पहिल्या गाड्या, ज्यांचे दिवे खाली जाळीत बसलेले असतात, संग्राहकांच्या. त्यांच्या वाटेला आता जाऊ नका.

ट्रॅव्हलरबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण सगळ्यांना हवी असते तीच. मागच्या भागाला अॅश लाकडाची चौकट, दोन दारं, आणि तबला, पेटी, सामान सगळं मावेल इतकी जागा. पण ते लाकूड शोभेचं नाही, मागचं छप्पर आणि बाजू त्यावरच उभ्या आहेत. लाकूड कुजलं तर गाडी रस्त्यावर नेण्यालायक राहत नाही. कुजायला सुरुवात होते ती खालच्या आडव्या पट्ट्यांपासून, चाकांच्या कमानीभोवती आणि उभी-आडवी लाकडं जिथे मिळतात तिथल्या सांध्यांत. काळे डाग दिसले की समजा पाणी आत गेलंय. तिथे स्क्रू ड्रायव्हरचं टोक हलकेच दाबा. रुतलं तर सौदा सोडा. पूर्ण चौकट बदलण्याचे तयार संच मिळतात, पण बसवण्यासकट खर्च हजारो पौंडांत जातो, आणि त्याच वेळी आतला पत्राही दुरुस्त करावा लागतो. शिवाय दरवर्षी उन्हाळ्यात लाकूड घासून वॉर्निश करायचं काम गळ्यात पडतं.

उघड्या टपाच्या गाड्यांत फसवणूक जास्त. कित्येक साध्या दोन-दारी सलूनचं छप्पर कापून त्यांना टूरर बनवलं आहे. काही कामं चांगली झाली आहेत, बरीच नाहीत. कारखान्यातून आलेल्या टूररला खाली जास्तीची मजबुती दिलेली असते. ओळखायची सोपी खूण म्हणजे गाडीच्या क्रमांकाच्या पाटीवरची सुरुवातीची अक्षरं: एम, ए आणि मग टी असेल तर ती मुळात टूरर. टीच्या जागी दोनचा आकडा आणि एस असेल तर ती दोन-दारी सलून होती, विकणारा काहीही सांगो.

तिसरी पायरी: घरबसल्या कागद तपासा

गाडी बघायला जाण्याआधी नंबर मागून घ्या आणि सरकारच्या संकेतस्थळावर तिच्या एमओटी चाचण्यांचा, म्हणजे गाडी रस्त्यालायक आहे का हे बघणाऱ्या वार्षिक तपासण्यांचा, इतिहास बघा. फुकट आहे. २०१८च्या मेपासून चाळीस वर्षांवरच्या, फारसा बदल न केलेल्या गाड्यांना ही चाचणी सक्तीची नाही, त्यामुळे बऱ्याच मायनरच्या नोंदी तिथेच संपलेल्या दिसतील. शेवटच्या दोन-तीन नोंदींत 'गंज', 'सिल' (दाराखालचा पत्रा), 'स्प्रिंग माउंटिंग' असे शब्द आले असतील आणि त्यानंतर चाचणीच झाली नसेल, तर दुरुस्तीची बिलं मागा. बिलं नाहीत म्हणजे दुरुस्तीही नाही असंच धरा. सक्ती नसली तरी घेण्याआधी ताजी चाचणी करून द्यायला विक्रेता तयार आहे का, हे विचारा. त्याच्या उत्तरावरून बरंच कळतं.

नोंदणीच्या कागदावरचा क्रमांक आणि बॉनेटखालच्या पाटीवरचा क्रमांक जुळला पाहिजे. रस्ता कर शून्य असला तरी तो दरवर्षी भरल्यासारखा नोंदवावा लागतो, आणि गाडी 'हिस्टॉरिक', म्हणजे चाळीस वर्षांवरच्या गाड्यांच्या, वर्गात असायला हवी. त्या वर्गात असेल तर लंडनच्या यूलेझचं, म्हणजे जास्त धूर सोडणाऱ्या गाड्यांवरचं, शुल्क लागत नाही. मध्य लंडनचं गर्दीचं शुल्क, कंजेशन चार्ज, मात्र तिलाही लागतं.

चौथी पायरी: खाली झोपून बघा

सोबत न्या: जुने कपडे, चटई, चांगला टॉर्च, बोथट स्क्रू ड्रायव्हर आणि पातळ कापडात गुंडाळलेलं लोहचुंबक. पावसात गाडी बघू नका. ओला रंग सगळं झाकतो. विक्रेत्याला आधीच सांगून ठेवा की गालिचे उचलून बघणार आहे. तो कुरकुरला तर तुमचा एक दिवस वाचला.

मायनरला वेगळी चेसी नाही, व्हॅन आणि पिकअप सोडले तर पत्र्याचं शरीर हाच सांगाडा. म्हणून हे बघणं महत्त्वाचं.

दारांपासून सुरू करा. दार अर्धं उघडून त्याचं टोक वर उचला. थोडं हललं तर बिजागरी झिजली, ते चालतं. पण दार आणि मागचा खांब यांच्यातली फट वर जास्त आणि खाली कमी असेल, किंवा दार लावताना उचलावं लागत असेल, तर मधला सांगाडा वाकला असण्याची शक्यता मोठी.

मग दाराखालची सिल. बाहेरून दिसते ती फक्त वरची साल. खरं बळ आहे आतल्या सिलमध्ये आणि तिला मिळणाऱ्या, गाडीखाली आडव्या जाणाऱ्या क्रॉस मेंबरमध्ये. जॅक लावायची जागा त्या क्रॉस मेंबरच्या टोकालाच आहे, आणि ते टोक बहुतेक वेळा पहिलं गंजतं. इथे स्वस्त दुरुस्ती कशी करतात? जुन्या गंजक्या सिलवर नवी चकचकीत सिल वेल्ड करून टाकतात. वरून कीर्तन, आतून तमाशा. गालिचा उचला, आतल्या बाजूने जिथे जमिनीचा पत्रा सिलला भेटतो तिथे स्क्रू ड्रायव्हर टेकवत जा. चांगला पत्रा टणटण वाजतो, पोकळ बद्द आवाज आला की थांबा.

ड्रायव्हरच्या पायाखालचा भाग वेगळा तपासा. मायनरचा ब्रेकचा मास्टर सिलिंडर, म्हणजे पेडलचा दाब ब्रेकपर्यंत पोचवणारा भाग, तिथे, जमिनीखाली, सांगाड्याच्या पायात बसवलेला आहे. तो गळला की ब्रेक ऑइल रंग खाऊन टाकतं आणि उघडा पत्रा गंजू लागतो. सिलिंडर बदलणं हेही कंटाळवाणं काम, कारण त्याचे बोल्ट काढायला टॉर्शन बार मध्ये येतो. ब्रेक ऑइल बघण्यासाठीसुद्धा गालिचा उचलून एक छोटं झाकण काढावं लागतं, म्हणून कित्येक मालक ते वर्षानुवर्षं बघतच नाहीत.

मागच्या स्प्रिंगच्या पुढच्या टोकाला जिथे ती सांगाड्याला अडकते, तिथे चिखल साचतो. हा भाग गेला तर मागचा अॅक्सल जागा सोडतो. वेल्डिंग शक्य आहे, पण नीट केलेलं हवं. चौकोनी ठिगळावर ठिगळ आणि त्यावर ताजं काळं डांबरी लेपन दिसलं, तर ते लेपन कशासाठी आहे ते ओळखा.

डिकी उघडा, गालिचा उचला. पेट्रोलची टाकी तिथेच बसते आणि तिच्या कडेने पाणी साचतं. स्टेपनीची जागाही बघा.

मडगार्डांनी घाबरून जाऊ नका. मायनरची चारही मडगार्डं बोल्टने बसवलेली असतात, खराब झाली तर काढून नवी बसवता येतात. चुंबक तिथेही फिरवा, पण पुट्टी सापडली तरी ती भाव कमी करायला वापरा, सौदा मोडायला नको.

आता पुढची चाकं, आणि इथे घाई करू नका. पुढच्या सस्पेन्शनचा उभा दांडा वर-खाली आट्यांच्या सांध्यात फिरतो; त्या सांध्याला ट्रनियन म्हणतात. त्यात नियमित ग्रीस भरलं नाही तर आटे झिजतात, एक दिवस दांडा सांध्यातून निसटतो आणि चाक मडगार्डाखाली आडवं होतं. हे बहुधा गाडी वळवताना किंवा पार्किंगमध्ये, हळू वेगात होतं, पण बहुधा म्हणजे नेहमी नव्हे. गाडी जॅकवर नीट उचलून, खाली आधार देऊन, चाक वर आणि खाली धरून हलवा. खडखड जाणवली तर ट्रनियन बदलायची आहेत. भाग महाग नाहीत. ग्रीस भरायच्या छोट्या टोकाभोवती, म्हणजे निप्पलभोवती, ताजं ग्रीस दिसतंय का तेही बघा. कोरडं, मातीने भरलेलं निप्पल म्हणजे मालकाने बाकीही काही केलेलं नाही.

पाचवी पायरी: चालवून बघा

इंजिन थंड असतानाच पोहोचा. आधीच तापवून ठेवलेली गाडी काहीतरी लपवते. चावी फिरवली की बॉनेटखालून पेट्रोल पंपाची टिकटिक ऐकू येते, काही सेकंदांत ती मंदावते. तसंच असायला हवं. चोक ओढा, इंजिन सुरू करा.

टॅपेटचा हलका खटखटाट आणि पहिल्या व रिव्हर्स गिअरमधला हुंकार, दोन्ही स्वाभाविक. इंजिनच्या मागच्या बाजूने तेलाचे दोन-चार थेंब पडणंही स्वाभाविक, या इंजिनाला तिथे आजच्यासारखी सीलच नाही. निळा धूर, कमी वेगात लुकलुकणारा तेलाचा दिवा आणि अॅक्सिलरेटर सोडल्यावर आपोआप निसटणारा गिअर, हे मात्र भाव पाडायचे मुद्दे. दुसऱ्या गिअरची सिंक्रोमेश आधी जाते. तिसऱ्यातून दुसऱ्यात टाकताना करकर होते का ऐका. उतारावर पाय सोडला की सायलेन्सर जो फुरफुर आवाज करतो, तो मायनरचा खास आवाज, दोष नव्हे.

मोकळ्या रस्त्यावर ब्रेक दाबताना स्टिअरिंग हलकं धरा. गाडी एका बाजूला ओढत असेल तर ड्रमच्या आत तेल गेलं आहे किंवा ब्रेक जुळवायचे राहिलेत. पाय दाबून तसाच ठेवा. पेडल हळूहळू खाली बसत गेलं तर वर सांगितलेला मास्टर सिलिंडर.

सहावी पायरी: पैसे

साधारण चांगल्या अवस्थेतली, चालती सलून काही हजार पौंडांत मिळते. उत्तम अवस्थेतल्या ट्रॅव्हलरचे आणि खऱ्या टूररचे भाव तिच्या बऱ्याच वर जातात. 'थोडं काम बाकी आहे' म्हणून हजार-दीड हजारांत मिळणाऱ्या गाडीकडे वेल्डिंग येणाऱ्यानेच बघावं. आपल्याकडे म्हणतात ना, चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. दुसऱ्या कुणी मन लावून दुरुस्त केलेली, बिलांची जाड फाइल असलेली गाडी घ्या. त्याने खर्च केलेल्या पैशांतला निम्माही तो परत मागू शकत नाही.

विमा क्लासिक गाड्यांचा घ्या, ज्यात गाडीची किंमत आधीच ठरवून लिहिलेली असते. साध्या पॉलिसीत अपघातानंतर तुमच्या हातात कवड्या येतील. वर्षाला ठराविक मैलांची अट असेल तर विमा आणखी स्वस्त पडतो. चोरीचीही काळजी करा. मायनरचं कुलूप उघडायला चोराला कसब लागत नाही, तेव्हा स्टिअरिंगला दांडा आणि बॅटरी तोडणारा लपवलेला स्विच, दोन्ही बसवा.

सातवी पायरी: पहिला महिना

गाडी घरी आली की लांब फिरायला निघू नका. आधी ग्रीसगन विकत घ्या. ट्रनियन, स्टिअरिंगचे सांधे, हँडब्रेकची केबल, जिथे जिथे निप्पल आहे तिथे जुनं काळं ग्रीस बाहेर येऊन नवं दिसेपर्यंत भरा. पुढे दर हजार मैलांना हेच. इंजिन ऑइल २०-५० जाडीचं, दर तीन हजार मैलांना. कार्ब्युरेटरच्या डोक्यावरचं काळं झाकण काढून आत थोडं तेल घाला. ते संपलं की गाडी झटके देते आणि लोक उगाच पेट्रोल पंप बदलत बसतात. प्लगची फट ०.०२५ इंच, डिस्ट्रिब्युटरच्या पॉइंटची ०.०१५ इंच, टॅपेटची ०.०१२ इंच. पाने मिलिमीटरचे चालत नाहीत, इंचांचा संच घ्या. अर्धा, सात सोळांश आणि नऊ सोळांश सतत हातात लागतील.

ब्रेक ऑइल किती जुनं आहे हे माहीत नसेल तर सगळं बदला, रबरी नळ्यांसकट. टायरच्या बाजूला चार आकड्यांत आठवडा आणि साल छापलेलं असतं. दहा वर्षांवरचा टायर कितीही नवा दिसला तरी काढा.

पेट्रोलचं बघा. ब्रिटनमध्ये २०२१च्या सप्टेंबरपासून साध्या पंपावर दहा टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. ते जुन्या रबराला मानवत नाही, आणि गाडी महिनाभर उभी राहिली की टाकीत पाणी धरतं. महागातलं, पाच टक्क्यांपर्यंत इथेनॉलचं 'सुपर' भरा. शिसं असलेलं पेट्रोल बंद झाल्यापासून एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या बैठका कडक धातूच्या बसवलेल्या असणं चांगलं. विक्रेत्याला त्याबद्दल विचारा. नसतील तर पेट्रोलमध्ये शिशाऐवजी बाटलीतलं मिश्रण घालत राहायचं आणि गाडी फार दामटायची नाही, पुढे कधी इंजिनचं हेड उतरवलं तर तेव्हा बसवून घ्यायच्या.

विजेबाबत एक धोका आहे, आणि तो शिकलेल्या माणसालाच जास्त. मुळातल्या मायनरमध्ये बॅटरीचा धन टोक बॉडीला जोडलेला असतो, आजच्या गाड्यांच्या नेमका उलट. दुसऱ्या गाडीने जंप देताना किंवा फोनचा चार्जर बसवताना हे विसरलात तर जळलेल्या वासानेच आठवण होईल. आधीच्या मालकाने डायनॅमो काढून अल्टरनेटर बसवला असेल तर जोडणी उलटवलेली असेल, म्हणून बॅटरीवर खात्री करूनच हात लावा. डायनॅमो असलेल्या गाडीत रात्री पावसात दिवे, वायपर आणि हीटर एकदम चालू ठेवले की चार्जिंग अपुरं पडतं. हीटर तसाही नावापुरताच.

सुधारणा कराव्यात का?

ब्रेक सुधारा, बाकी थांबा. पुढच्या चाकांना डिस्क आणि सोबत सर्व्हो बसवण्याचे तयार संच मिळतात, आणि रहदारीत चालवणाऱ्याने ते घ्यावेत असं माझं मत. १२७५ सीसीचं ए-सिरीज इंजिन जवळजवळ तसंच्या तसं बसतं, फोर्डचा पाच गिअरचा गिअरबॉक्सही लोक बसवतात. मोटरवेवर त्याने कान वाचतात. पण फार बदल केले तर एमओटीतून मिळणारी सूट जाऊ शकते, आणि विमा कंपनीला प्रत्येक बदल कळवावा लागतो. एक वर्ष गाडी आहे तशी चालवा. बऱ्याच जणांना त्यानंतर काही बदलावंसं वाटत नाही.

मॉरिस मायनर ओनर्स क्लबचं सभासदत्व पहिल्याच आठवड्यात घ्या. क्लबचे स्थानिक गट आहेत, तिथली निवृत्त मंडळी एका चहाच्या बदल्यात तुमचे ट्रनियन तपासून देतील. मूळ रूप बघायचं असेल तर गेडनच्या ब्रिटिश मोटार म्युझियममध्ये कारखान्यातून बाहेर पडलेली पहिली मायनर ठेवली आहे, एनडब्ल्यूएल ५७६ नंबरची. आपल्या गाडीतलं काय नंतर बदललंय ते तिच्यासमोर उभं राहून कळतं.

हिवाळा

इथल्या रस्त्यांवर हिवाळ्यात मीठ टाकतात आणि मायनरला तेच मारतं. पहिलं मीठ पडायच्या आधी गाडी आत घ्या. सिल आणि सांगाड्याच्या पोकळ भागांत मेणाचं गंजरोधक फवारून घ्या. कोरड्या, उबदार दिवशी, म्हणजे सप्टेंबरात. डांबरी लेपापेक्षा मेण चांगलं, कारण लेपाखाली पाणी अडकतं आणि दिसत नाही. टाकी सुपर पेट्रोलने भरून ठेवा, टायरमध्ये हवा थोडी जास्त भरा, बॅटरी सोडवा. हँडब्रेक ओढून ठेवू नका, ओलीत ब्रेक शू ड्रमला चिकटतात. चाकांना लाकडाचे ठोकळे लावा. वर प्लॅस्टिकची ताडपत्री टाकू नका, आत घाम धरतो. हवा खेळती राहील असं सुती आवरण घ्या. मार्चअखेरीस दोन-तीन जोरदार पाऊस पडून रस्त्यावरचं मीठ धुऊन गेल्यावरच गाडी बाहेर काढा, आणि इंजिनला हात लावायच्या आधी गालिचा उचलून ब्रेक ऑइल बघा.